चारशेची वाट

वेगवान मोटरसायकलची अफवा भारतात किती वर्षे जगू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे पल्सर ४००. फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये बजाज ऑटोने दोन गाड्या मांडल्या. एसएस ४०० ही पूर्ण फेअरिंगची, म्हणजे बाहेरच्या कवचाने झाकलेली, पुढे वाकून चालवायची गाडी. सीएस ४०० ही रुंद खांद्यांची, ताठ बसून लांबचा पल्ला मारायची. दोन्हींना नाव पल्सरचे. त्या दिवसापासून ‘चारशे येतेय’ हे दोन शब्द कॉलेजच्या पार्किंगमध्ये, गॅरेजच्या ओट्यावर आणि घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर फिरू लागले. पल्सर नावाची चारशे गटातली गाडी प्रत्यक्ष बाजारात आली ती ३ मे २०२४ रोजी. मधली दहा वर्षे शौकिनांनी नुसती वाट पाहिली नाही. त्यांनी ती गाडी मनात कितीदा तरी जोडली, खोलली आणि तिची किंमत पुनःपुन्हा ठरवली.

या ओढीचे मूळ २००१ सालात आहे. तेव्हा रस्त्यावर शंभर सीसीचे राज्य होते आणि घरात गाडी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न ॲव्हरेजचा निघे. राजदूत ३५० केव्हाच बंद झालेली, यामाहा आरएक्स १०० चे उत्पादनही १९९६ मध्ये थांबलेले. हिरो होंडाच्या सीबीझेडने १९९९ मध्ये दीडशेच्या वर्गाचे दार किलकिले केले. ते सताड उघडले नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या पल्सर १५० आणि १८० यांनी. रेखाटन ग्लिन केर या ब्रिटिश आरेखकाचे आणि निर्मिती पुण्याजवळची. पुढे २००३ मध्ये दोन स्पार्क प्लगचे डीटीएस-आय तंत्र आले, २००७ मध्ये २२०, आणि २०१२ मध्ये पेरिमीटर फ्रेमची २०० एनएस. दर थोड्या वर्षांनी आकडा वर सरकत गेला. ज्या मुलाने दहावीत असताना चुलतभावाच्या १५० वर मागे बसून पहिला वेग अनुभवला, त्याला पुढच्या आकड्याची अपेक्षा असणे स्वाभाविक होते.

त्यातच चाकणमध्ये एक गोष्ट घडली. केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत बजाजने २००७ पासून भागीदारी घेतली होती, आणि २०१३ च्या जूनमध्ये चाकणलाच बनणारी ३९० ड्यूक भारतात विक्रीला आली. तिच्या एकाच सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर, स्ट्रोक ६० मिलिमीटर, म्हणजे इंजिन ३७३ सीसीचे. हा आकडा शौकिनांना तोंडपाठ झाला. चाकणच्या कारखान्यात हे इंजिन जोडले जाते, तर त्याच कारखान्यातल्या पल्सरला ते का मिळू नये? पल्सर ४०० च्या अफवेचा पाया हा असा बिनतोड प्रश्न होता. लोखंड समोर दिसत होते, कामगार तेच होते, रस्ताही तोच. एवढे सगळे जुळत असताना गाडी येणार, यावर विश्वास न ठेवणेच अवघड होते.

अशा अफवेला खाद्य पुरवते ती चाचणीची गाडी. नवी मोटरसायकल चार भिंतींच्या आत पूर्णपणे पारखता येत नाही. इंजिन दुपारच्या रहदारीत किती तापते, पावसात ब्रेक कसे लागतात, खड्ड्यांच्या रस्त्यावर कोणता बोल्ट सैल होतो, दोघे बसून घाट चढताना क्लच कसा वागतो, हे कळायला ती खऱ्या रस्त्यावर न्यावीच लागते. म्हणून काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीच्या चिकटपट्ट्यांत गुंडाळलेल्या, लाल नंबरप्लेटवर पांढरे आकडे असलेल्या गाड्या पुणे, चाकण आणि आसपासच्या महामार्गांवर दिसतात. प्रमाणपत्रासाठी वाहने तपासणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. त्यामुळे जे गुपित साऱ्या देशाला हवे असते, ते पुणेकराला सिग्नलला शेजारी उभे राहिलेले दिसू शकते. हिरवा दिवा लागेपर्यंतच्या काही सेकंदांत खिशातून मोबाइल निघतो आणि एक हललेला, तिरका फोटो जन्माला येतो.

तो फोटो वाचण्याची कला थक्क करणारी आहे. बाहेरच्या माणसाला त्यात फक्त एक धूसर गाडी दिसते. शौकीन आधी मागच्या टायरकडे पाहतो, कारण टायरच्या रुंदीवरून इंजिनाच्या ताकदीचा अंदाज येतो. मग पुढचा फोर्क उलटा आहे की साधा, डिस्क किती मोठी, रेडिएटर कुठवर आला आहे. फुटपेग मागे सरकवलेले असतील तर गाडी स्पोर्टी, चालवणाऱ्याच्या गुडघ्याच्या सरळ खाली असतील तर लांबच्या प्रवासाची. हँडल दोन तुकड्यांचे असून फोर्कला पकडलेले असेल तर मनगटावर भार येणार, म्हणजे वळणांसाठीची गाडी. सायलेन्सर पोटाखाली दडवला आहे की बाजूला काढला आहे, यावरून तर तासन्‌तास वाद चालतो. मागचे दोन उभे लाल दिवे चिकटपट्टीखालूनही ओळखू येतात आणि मग ‘पल्सरच!’ असा निकाल लागतो. यांतली बरीच अनुमाने पुढे खरी ठरतात. ज्याला गाडीच्या प्रत्येक भागाचे काम कळते त्याला अर्ध्या आकृतीवरून पूर्ण गाडी उभी करता येते, आणि हे ज्ञान कुठल्याही वर्गात न बसता, केवळ प्रेमापोटी कमावलेले असते.

फोटो आला की प्रतिक्रियांचे प्रवाह फुटतात. काहींना फक्त फेअरिंग हवे असते. वाऱ्याची भिंत कापत जाणारा पुढचा भाग, वाकलेली बैठक, दोन हेडलाइट. त्यांच्या लेखी उघड्या इंजिनाची गाडी म्हणजे अर्धे स्वप्न. काहींना उलट अशी उघडी, नेकेडच पसंत असते, कारण रोज कामावर जायचे असते आणि पडझड झाली तर फेअरिंगचा खर्च परवडत नाही. गॅरेजवाल्याला चिंता असते सुट्या भागांची आणि एकाहून अधिक स्पार्क प्लगच्या गुंत्याची. जुना २२० वाला गप्प राहून ऐकतो आणि शेवटी एकच विचारतो, ‘पण ओढते कशी?’ एखादा तरुण शोरूममध्ये भरलेले बुकिंग सहा महिने पुढे ढकलतो. दुसरा त्याला समजावतो की अशी वाट पाहत बसलास तर वय निघून जाईल. दोघांचेही बरोबर असते.

या सगळ्या बोलण्याच्या केंद्रस्थानी मात्र किंमत असते, आणि याकडे बाहेरच्या लोकांचे सहसा दुर्लक्ष होते. वेगाचा शौक म्हणजे श्रीमंताघरच्या पोराचा हट्ट, ही समजूत पल्सरच्या बाबतीत साफ खोटी आहे. तालुक्याच्या गावात ऊस गेल्यावर, बोनस हातात पडल्यावर किंवा पहिल्या नोकरीची वर्षभराची पगारपत्रके जमल्यावर गाडी घेतली जाते. एक्स-शोरूम किंमत, त्यावर आरटीओ आणि विमा, मग ऑन-रोडचा आकडा, डाउनपेमेंट, छत्तीस हप्ते. ही बेरीज अफवेतल्या गाडीसाठीसुद्धा वहीच्या मागच्या पानावर केलेली असते. चारशे सीसीचे स्वप्न पाहताना शौकीन खरे तर एक रास्त मागणी करत असतो. चांगले ब्रेक, भक्कम फ्रेम आणि खरी ताकद कमी पगाराच्या माणसालाही मिळावी, अशी ती मागणी आहे.

पहिला निकाल २०१५ मध्ये लागला आणि तो अर्धवट होता. मार्चमध्ये पल्सर आरएस २०० आली. चेहरा एसएस ४०० ची आठवण करून देणारा, पण इंजिन १९९.५ सीसीचे. गाडी उत्तम निघाली, तरी ज्यांनी प्रदर्शनातली थोरली पाहिली होती त्यांना धाकटीच्या कौतुकात सहभागी होणे जड गेले. त्याआधीच, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये केटीएमची फेअरिंगवाली आरसी ३९० दोन लाखांच्या थोडी वर किंमत घेऊन दाखल झाली होती. घरातल्या एका गाडीने दुसरीचे गिऱ्हाईक तोडू नये म्हणून एसएस मागे ठेवली, असा तर्क शौकिनांनी बांधला. तो पटण्याजोगा आहे. एसएस ४०० पुढे कधीच आली नाही.

सीएस ४०० ची कथा अधिक वळणांची. तिच्या नावाबद्दल आधी व्हीएस ४००, मग क्रेटोस अशा बातम्या पसरल्या, आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती डॉमिनार ४०० म्हणून आली. ताकद ३५ पीएस, वजन १८२ किलो, किंमत १ लाख ३६ हजारांपासून. इतक्या पैशांत इतकी गाडी तोवर कुणी दिली नव्हती. तरीही कौतुकात एक खंत होती. टाकीवरून पल्सर हे नाव गेले होते, वजन वाढले होते, आणि केटीएमच्या इंजिनातल्या दोन कॅमशाफ्टच्या जागी एकच होता. दुसरा कॅमशाफ्ट आणि ४० पीएस डॉमिनारला २०१९ मध्ये मिळाले. लांबच्या प्रवासाचे लोक तिच्यावर लडाखपर्यंत जाऊन आले आणि तिच्या प्रेमात पडले. मात्र हलकी, चपळ, पहिल्याच गिअरला अंगावर येणारी चारशे ज्यांना हवी होती त्यांची वाट तशीच चालू राहिली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पल्सर एन २५० आणि एफ २५० आल्या, तेव्हा हीच शेवटची पायरी की काय अशी धास्तीही व्यक्त झाली.

आणि मग मे २०२४ मध्ये पल्सर एनएस ४००झेड आली. ३७३ सीसी, ४० पीएस, १७४ किलो, ४३ मिलिमीटरचा उलटा फोर्क, स्लिपर क्लच, चार रायडिंग मोड. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत १ लाख ८५ हजार. त्या वेळी नव्या ३९० ड्यूकची किंमत तीन लाखांवर होती. वहीच्या मागच्या पानावरची बेरीज पहिल्यांदाच जमली. दहा वर्षांच्या अपेक्षेपुढे कोणतीही गाडी थोडी खुजी वाटणारच, आणि प्रतिक्रियाही तशाच मिश्र होत्या. किमतीबद्दल एकमुखी समाधान होते. तक्रारी टायरबद्दल होत्या: मागचा १४० चा टायर या ताकदीला अरुंद वाटला. ब्रेकना आणखी चावा हवा होता. क्विकशिफ्टर नव्हता. फेअरिंगवाल्यांची निराशा तर उघड होती.

२०२५ च्या जुलैमध्ये आलेली सुधारित गाडी पाहिली की या तक्रारींचे मोल कळते. ताकद ४३ पीएस झाली, मागे १५० चा टायर आला, ब्रेकचे पॅड बदलले, क्विकशिफ्टरमुळे क्लच न दाबता गिअर टाकण्याची सोय झाली, आणि किंमत १ लाख ९२ हजार ठरली. टपरीवर वर्षभर जी यादी बोलली गेली होती, ती जवळजवळ त्याच क्रमाने गाडीवर उतरली. कंपनीने ती कुठून ऐकली हे महत्त्वाचे नाही. शौकिनांचे बोलणे हे निव्वळ रिकामटेकडेपण नसते, याचा हा सज्जड पुरावा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये चर्चेला नवे वळण मिळाले. २२ तारखेपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के. ३७३ हा आकडा अवघ्या २३ सीसींनी रेषेपलीकडे राहिला. लगेच गणिते सुरू झाली. व्यास ८९ मिलिमीटरच ठेवून स्ट्रोक ६० वरून ५६ वर आणला, तर इंजिन ३४८ सीसीचे होते आणि कराचा टक्का निम्म्याहून खाली येतो. एका गटाला हे मान्य आहे, कारण वाचलेल्या पैशांत चांगले टायर आणि रायडिंग जॅकेट दोन्ही बसते. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की स्ट्रोक कमी झाला तर घाटात, भरल्या गाडीवर, तिसऱ्या गिअरमधली ओढ जाईल; शिवाय पिस्टनचा वेग कमी झाल्यावर इंजिन वरपर्यंत फिरवता येईल, म्हणजे त्याला नेकेडपेक्षा फेअरिंगच अधिक शोभेल.