बांध उलटा चालताना

नेवासे तालुक्यात, मुळेच्या उजव्या कालव्यावर आमचं रान आहे. बी.एस्सी.ला असताना सुट्टीत मी त्याच्या कोपऱ्यांचे सहनिर्देशक घेऊन क्षेत्रफळ काढलं. आकडा बरोबर, पण ऋण. बांधावरून मी घड्याळाच्या दिशेनं, म्हणजे उलटा चाललो होतो. वडील म्हणाले, ‘‘रान तेवढंच भरलं ना? मग झालं.’’ माझं मात्र झालं नाही. आजही मी त्याच चिन्हाच्या मागे आहे.

या चिन्हाला बीजगणितात मानाची जागा दिली ती हेरमान ग्रासमाननं. श्टेटिनचा हा शाळामास्तर. 1844 मध्ये त्याचं पुस्तक आलं, फारसं कुणी वाचलं नाही. पुढे तो संस्कृतकडे वळला आणि त्यानं ऋग्वेदाचा कोश केला. त्याच्या गुणाकारात दोन दिशांचा क्रम बदलला की चिन्ह बदलतं. म्हणून दिशेचा स्वतःशी गुणाकार शून्य: एकाच बांधावरून गेलं-आलं, तर रान वेढलं जात नाही.

आमच्याकडे कांद्याची प्रतवारी होते. मोठा, मध्यम, गोल्टी. ग्रेडेड अल्जिब्रातही घटकांना अशीच प्रत, एक संख्या, लावतात; पण तिथे प्रत लावल्यावर खरं काम सुरू होतं. दोन आणि तीन प्रतीचे घटक गुणले, तर उत्तर पाचाच्याच ढिगात पडायला हवं. सुपर अल्जिब्रात ढीग दोनच, सम आणि विषम. दोन विषम घटकांनी एकमेकांना ओलांडलं की एक ऋण चिन्ह मोजायचं. इलेक्ट्रॉन या विषम बाजूचे. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत बसत नाहीत, ते ग्रासमानच्याच शून्यामुळे.

चार वर्षांपूर्वी एका सिद्धतेत मी अडकलो. सूत्रातल्या अक्षरांची चिन्हं तीनदा तपासली होती. चूक कंसात, म्हणजे दोन घटकांपासून तिसरा घडवणाऱ्या क्रियेत, निघाली. त्या कंसाची स्वतःचीच प्रत विषम होती. अक्षर आत शिरताना कंसालाही ओलांडतं, आणि ते चिन्ह मी दिलंच नव्हतं. आठ महिन्यांचं काम गेलं. फार लागलं ते मनाला.

तेव्हापासून प्रत्येक अक्षराखाली लाल पेनानं त्याची प्रत लिहितो. सूत्र आधी विषम घटकांवर तपासतो, कारण सगळे सम घेतले तर चुकीचं सूत्रही खरं वाटतं. एकच विषम क्ष पुरतो. गणितज्ञ सोफुस लीच्या नेहमीच्या कंसात क्षचा स्वतःशी कंस शून्य असतो; सुपर अल्जिब्रात, क्ष विषम असताना, तो क्षच्या वर्गाची दुप्पट निघतो. कंसात कंस घालून तीन घटकांना बांधणाऱ्या याकोबीच्या नियमात तिन्ही जागी तोच क्ष घातला, तर एका पदाची तिप्पट शून्य येते. जिथे तीन म्हणजेच शून्य अशा संख्याव्यवस्थेत त्यातून काहीच कळत नाही. ते पद शून्य आहे ही अट वेगळी घालावी लागते. हे पहिल्यांदा हातानं करून पाहिलं, त्या रात्री मला झोप आली नव्हती.

परवा शेवगावची एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. ‘‘सर, उत्तर जुळतंय, फक्त चिन्ह उलटं येतंय. बदलून टाकू?’’ मी तिला शेजारी बसवलं, लाल पेन दिलं, आणि आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.