शब्द हेच भांडवल

वाचकहो, ‘दलाल’ हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही. स्थळ पाहताना ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘घरे आणि जमिनी यांची दलाली करतो’ असे उत्तर आले, की विचारणाऱ्याचा चेहरा किंचित उतरतो. आणि तरीही संसारातील सर्वांत मोठी खरेदी, म्हणजे राहते घर, बहुतेक कुटुंबे याच माणसाच्या भरवशावर करतात. या धंद्यात मी झाशीस नऊ वर्षे नोकरी केली आणि २०१८ साली स्वतःची लहानशी पेढी काढली. आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी या वाटेने जाऊ पाहत असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडावा, म्हणून हे लिहीत आहे.

झाशीत मराठी माणूस उपरा नाही. अठराव्या शतकात पेशव्यांच्या सुभेदारांबरोबर आलेली घराणी येथे स्थायिक झाली. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, ते मंदिर आजही शहरात उभे आहे. त्या घराण्यांतील मुले नोकरीनिमित्त ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर, पुणे अशी पांगली. मागे राहिली ती जुनी घरे आणि त्यांचे अनेक वारस. उलटपक्षी रेल्वे, छावणी, विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामुळे बदलीवर येणाऱ्या कुटुंबांचा ओघ येथे सतत चालू असतो. एकाला घर विकावयाचे असते, दुसऱ्याला हवे असते. या दोघांची गाठ घालून देणे, हेच आमचे काम.

पदवी घेतल्यावर मी सिप्री बाजारातील एका दलालाच्या कचेरीत रुजू झालो. पहिली दोन वर्षे किल्ल्यांचा जुडगा घेऊन गिऱ्हाइकांना घरे दाखवीत हिंडलो. खरे शिक्षण मिळाले ते तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्याच्या जागी येथे खतौनी असते. फेरफाराला दाखिल-खारिज म्हणतात, खरेदीखताला बैनामा, आणि तलाठ्याला लेखपाल. शेतजमिनीचे तुकडे पाडून चुन्याच्या रेघा मारल्या, म्हणजे ती वस्तीची जागा होत नाही. तशी घोषणा महसूल संहितेप्रमाणे झालेली असावी लागते. भिंतीचा रंग कोणालाही दिसतो. कागदातील खोच ज्याला दिसते, तोच दलाल गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडतो.

नोकरी सोडण्याचे कारण पगार हे नव्हते. आमच्या कचेरीत विकणाऱ्याला एक किंमत सांगत, घेणाऱ्याला दुसरी, आणि मधला फरक मुकाट्याने खिशात जाई. अडलेल्या विधवेचे घर स्वस्तात आपल्याच माणसाच्या नावे घेऊन पुढे चढ्या भावाने विकल्याचेही मी पाहिले. ही रीत कायद्याला मान्य आहे असे कोणी समजू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात स्पष्ट सांगितले आहे, की मालकाची संमती न घेता आणि सर्व माहिती त्याच्यापुढे न ठेवता दलालाने स्वतःसाठीच व्यवहार केला, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो, अथवा त्यातून झालेला लाभ दलालाकडून मागू शकतो.

हे दुखणे आपल्याच देशाचे नाही. १९०६ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. तेव्हा काही दलाल हवालदिल लोकांच्या जागा कवडीमोलाने घेऊन नफ्याने विकू लागले. कोल्बर्ट कोल्डवेल नावाच्या एका तरुण दलालाला हे पाहवले नाही. त्याच वर्षी त्याने भागीदारांसह स्वतःची पेढी काढली. पुढे तीच ‘कोल्डवेल बँकर’ या नावाने जगभर पसरली. ही हकीकत वाचली तेव्हा मला धीर आला. सचोटीने वागणाराही या धंद्यात टिकू शकतो, एवढे तिने मला शिकवले.

परंतु नुसत्या धीराने चूल पेटत नाही. दलालाला महिन्याच्या महिन्याला पगार नसतो. व्यवहार पुरा झाला तरच मोबदला मिळतो. म्हणून पत्नीशी विचारविनिमय करून आम्ही आधी एक वर्षाचा घरखर्च साठविला आणि तो तिच्या नावे स्वतंत्र खात्यात ठेवला. पेढीच्या गरजेसाठी त्याला हात लावावयाचा नाही, असे ठरले. दुसरी गोष्ट, निघताना मालकाची गिऱ्हाइकांची वही मी तेथेच ठेवली. तिची नक्कलही केली नाही. तिसरी गोष्ट नोंदणीची. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील घर वा भूखंड विकून देणाऱ्या दलालालाही नोंदणी करावी लागते. उत्तर प्रदेशात मी एकट्याच्या नावाने ती केली तेव्हा शुल्क २५,००० रुपये होते. आमच्यासारख्यांना ही रक्कम लहान नव्हती.

पहिले सात महिने केवळ भाड्याच्या घरांवर निभावले. आठव्या महिन्यात जुन्या शहरातील एका वाड्याचा व्यवहार जुळून आला. विकणारे गृहस्थ माझ्याच ओळखीचे. घेणारे रेल्वेतून निवृत्त झालेले. किंमत ठरली, दिवसही ठरला. कागद पाहताना मला आढळले, की वाडा विकणाऱ्याच्या दिवंगत वडिलांच्या नावे होता, मृत्युपत्र नव्हते, आणि दोन विवाहित बहिणींची सही कोठेच नव्हती. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, त्या आपापल्या घरी सुखी आहेत. त्यांना कशाला मध्ये आणता?”

वाचकहो, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वतःच्या मिळकतीत कन्येचा वाटा पुत्राइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित सामाईक मिळकतीतही तिला पुत्राप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. मी गप्प बसलो असतो, तर माझी दलाली त्याच आठवड्यात हाती पडली असती, आणि पुढेमागे एखाद्या बहिणीने दावा लावला असता, तर त्या निवृत्त गृहस्थांची आयुष्यभराची पुंजी कोर्टात अडकली असती. मी दोघांनाही समोरासमोर बसवून सांगितले, की बहिणींच्या सह्यांवाचून हा व्यवहार माझ्या हातून होणार नाही. विकणारे रागावून उठून गेले. खरेदी मोडली. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीला नवे कपडे आले नाहीत. मात्र “बरे केलेत,” एवढेच पत्नी म्हणाली.

पुढच्या वर्षी त्याच निवृत्त गृहस्थांनी माझ्यामार्फत नगरा भागात घर घेतले आणि नंतर आपले तीन स्नेही माझ्याकडे पाठविले. तेव्हापासून पेढीने बाळसे धरले.

परीक्षा मात्र एकदाच होत नाही. २०२३ साली बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि झाशीजवळच्या ३३ गावांत नवी उद्योगनगरी वसणार असे जाहीर झाले. त्याबरोबर जमिनीविषयी अफवांना ऊत आला. ‘दोन वर्षांत दुप्पट’ असे म्हणून माळरान विकणे तेव्हा सोपे होते. मी येणाऱ्याला आधी एकच सांगे: हा गट नियोजित क्षेत्रात येतो का, ते सरकारी नकाशावर पाहून या. पुष्कळजण परत आले नाहीत. जे आले, ते आजही येतात.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनो, आधी काही वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली कागद वाचावयास शिका. वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा. आणि आपली दलाली किती व ती कोणाकडून, हे पहिल्याच भेटीत लेखी द्या. घर घेणाऱ्या कुटुंबांनीही दलालाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: मालकी कोणाकोणाची आहे, त्या सर्वांच्या सह्या आहेत काय, आणि या व्यवहारात तुमचा स्वतःचा काही हितसंबंध आहे काय? ज्याला या प्रश्नांचा राग येईल, त्याच्या हाती आपली पुंजी देऊ नये.