तेलातली चमक

कोलकात्यातल्या बेहाला विमानतळावर अनेक शिकाऊ वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे गिरवले. शिकाऊ विमान म्हणजे बहुतेकदा एकाच इंजिनाचे. ते वर बंद पडले, तर स्कूटरसारखे कडेला घेऊन थांबायची सोय नाही! म्हणूनच हँगरमधला देखभाल अभियंता इंजिन बिघडायची वाट पाहत नाही. त्याचे दुखणे आधीच ओळखतो.

साधारण दर 50 तासांच्या उड्डाणानंतर तेल बदलताना तो जुना फिल्टर कापतो, आतला कागद उलगडतो आणि तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीच्या नजरेने पाहतो. चमचमणारे कण दिसले की त्यांवर लोहचुंबक फिरवायचे. चिकटले, तर एखादा पोलादी भाग झिजतो आहे. न चिकटणारे बहुधा ॲल्युमिनियमचे. मग संशय पिस्टनवर. पुढे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून कान द्यायचा. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर तिकडची झडप गळते. तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा.

बाहेर विद्यार्थी ताटकळलेला असतो. शिक्षणासाठी घरच्यांनी कर्ज काढलेले असते. “कालच तर छान उडालं होतं!” तो कुरकुरतो. ते खरेही असते. पण विमान उडण्यायोग्य आहे, या दाखल्यावर सही अभियंत्याला करायची असते. शंका फिटेपर्यंत तो पेन उचलत नाही.

संध्याकाळी मुलगा हिरमुसून घरी परततो. परततो, हे महत्त्वाचे.