फुलीची सही

जुने कागद चाळण्याचा नाद काही फारसा उदात्त नव्हे. त्यापायी घरात धूळ होते आणि गृहस्वामिनीची बोलणी खावी लागतात. परंतु गेल्या पावसाळ्यात इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका स्नेह्याने तिकडच्या डोंगराळ मुलखातील लॉर्टन या गावच्या आणि आसपासच्या चर्चांतील जुन्या विवाहनोंदींच्या छायाप्रती मला पाठविल्या, तेव्हा ती धुळीची अडचणही उरली नाही.

लॉर्टन हे कंबरलँडच्या डोंगरांत, कॉकर नदीच्या खोऱ्यात वसलेले खेडे. अशा मुलखात घरे थोडी आणि मेंढ्या फार. तेथल्या साध्या माणसांची चरित्रे कोण लिहिणार? बाप्तिस्मा झाला, लग्न लागले, दफन केले, या तीन ओळी हेच त्यांचे चरित्र. ह्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने 1538 साली काढला. पण पुढे दोनशे वर्षे त्यांत बोलत असे तो एकटा पाद्री. 1753 साली पार्लमेंटने विवाहाचा नवा कायदा केला, आणि 25 मार्च 1754 पासून तो अमलात आला. लागोपाठ तीन रविवारी चर्चमध्ये नियोजित लग्नाचा पुकारा व्हावा, किंवा पैसे भरून परवाना काढावा. आणि लग्न लागल्यावर वधूवरांनी, पाद्र्याने व दोन साक्षीदारांनी नोंदवहीत सह्या कराव्या, असा हा कायदा. त्या दिवसापासून खेड्यातल्या माणसाचा हात प्रथम त्या वहीला लागला. ज्याला लिहिता येत नसे तो एक फुली काढी, आणि पाद्री शेजारी लिही, 'ही अमक्याची खूण'.

त्या फुल्यांपाशी मी रेंगाळलो. एखादी तिरपी, एखादी कागद फाटेल इतकी दाबून काढलेली. मेंढ्यांची लोकर कातरण्यात वाकबगार असलेला हात लेखणी धरताना किती अवघडला असेल! त्या फुल्यांकडे पाहता पाहता मला एकाएकी माझ्या आजीचा अंगठा आठवला.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. आजोबांच्या मागे मिळणारे पेन्शन आणावयास मी आजीबरोबर कचेरीत गेलो होतो. कारकुनाने शाईची गादी पुढे सरकवली. आजीने अंगठा टेकला, आणि रांगेत मागे माझ्या वर्गातला एक मुलगा आपल्या वडिलांबरोबर उभा होता! घरी येताना मी तिच्यापासून चार पावले दूर चाललो. ती वाटभर पदराने अंगठा पुसत होती. त्या रात्री मी पाटी काढून मोठ्या गुर्मीत तिला नाव लिहावयास शिकवले. ती बिचारी महिनाभर गिरवीत बसली. पण पुढच्या खेपेस कचेरीत तिने पुन्हा अंगठाच पुढे केला. मी चिडून विचारले, तर म्हणाली, ''बाळ, सही चुकली तर पैसे अडतील रे. अंगठा कधी चुकत नाही.''

तिचे हे बोलणे मला तेव्हा अडाणीपणाचे वाटले. ते किती खरे होते हे मला लॉर्टनच्याच एका लग्नाने शिकवले.

लॉर्टनपासून काही मैलांवर बटरमिअर नावाचे सरोवर आहे. तेथल्या एका खाणावळवाल्याची मुलगी मेरी रॉबिन्सन. जोसेफ बडवर्थ नावाच्या प्रवाशाने 1792 साली आपल्या पुस्तकात तिच्या रूपाचे वर्णन केले, आणि लोक मुद्दाम तिला पाहावयास येऊ लागले. 1802 साली तेथे एक रुबाबदार गृहस्थ उतरला. नाव ऑगस्टस होप. होपटाउनच्या अर्लचा भाऊ आणि पार्लमेंटचा सभासद. सभासदाची सही असली की पत्रास टपालखर्च पडत नसे. हा गृहस्थ पत्रांवर खुशाल सही ठोकून देई, मग लोकांनी विश्वास कसा ठेवू नये? त्याने तीन रविवारांच्या पुकाऱ्याची वाट पाहिली नाही. परवाना काढला, आणि 2 ऑक्टोबर 1802 रोजी लॉर्टनच्या चर्चमध्ये मेरीशी त्याचे लग्न लागले.

तो होप नव्हता. त्याचे खरे नाव जॉन हॅटफील्ड, आणि त्याची आधीची बायको हयात होती. कवी कोलरिजने वृत्तपत्रांतून हे प्रकरण देशभर गाजविले. वर्ड्स्वर्थने आपल्या दीर्घ काव्यात मेरीची आठवण ठेवली. हॅटफील्ड पळाला, वेल्समध्ये सापडला, आणि 3 सप्टेंबर 1803 रोजी कार्लाइल येथे फाशी गेला. पण कशासाठी? परक्याच्या नावाने केलेल्या बनावट सह्यांसाठी. एका मुलीचे आयुष्य नासविल्याबद्दल नव्हे.

मेरीने 1807 साली रिचर्ड हॅरिसन नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केले, संसार केला, आणि 1837 साली ती वारली. कॉल्डबेकच्या चर्चच्या आवारात तिची समाधी आहे. तीस वर्षांच्या त्या संसारावर कोणी कविता केली नाही.

ह्या वह्यांना सगळेच कळते असे नाही. 1837 पासून वधूवरांच्या बापांची नावे व धंदे लिहावयास रकाने आले. आईच्या नावाला जागा मिळावयास 4 मे 2021 हा दिवस उजाडावा लागला. पण त्यांना हसण्याचा अधिकार मला कोठला? लग्नात आजीचे नवे नाव तांदळात अंगठीने लिहिले गेले असेल, आणि ते तांदूळ मोडताच तिचे माहेरचे नावही गेले. आमच्या घरातल्या एकाही कागदावर ते नाही, आणि ती असताना मी कधी विचारले नाही.

परवा घरच्या कागदांचा रुमाल सोडला, तेव्हा पेन्शनची एक जुनी पावती सापडली. खाली निळा, जरासा पसरलेला अंगठा. लॉर्टनच्या त्या फुल्यांच्या छायाप्रती मी तिच्या शेजारीच ठेवल्या, आणि रुमाल पुन्हा बांधला.