मोटारीचे नाक

मराठी माणसाचे आपल्या नाकावर भारी प्रेम! नाक मुरडायचे, नाक खुपसायचे, नाकावर राग ठेवायचा, नाकाने कांदे सोलायचे. आणि घराण्याची अब्रू जायची तीही नाक कापूनच. कॉलेजात मराठी शिकवताना वाक्प्रचारांचा तास आला की हे नाक माझ्या हमखास उपयोगी पडते. पण मोटारीलाही नाक असते, आणि त्या नाकाच्या निमित्ताने एका घरातली दोन माणसे आठ-आठ दिवस अबोला धरू शकतात, हे मला गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते.

मोटार माझी नव्हे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर प्राध्यापकांच्या पगाराविषयी वाचकांचा नसता गैरसमज व्हायचा. मोटार माझ्या पुतण्याची. तो पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने जुन्या गाड्यांच्या बाजारातून स्कोडाची ऑक्टाव्हिया घेतली. आणि तीही साधी नव्हे, २०१७ साली आपल्याकडे आलेली व्हीआरएस. दिसायला अगदी सोज्वळ, आजीला देवदर्शनाला न्यावी अशी; पण पोटात दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि २३० घोड्यांची ताकद!

आता २३० घोडे कोणालाही पुरावेत. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार दूरदूरच्या प्रांतांत ठाऊक आहे. त्या यात्रेत एक घोडा घेतलेला मनुष्य वर्षभर मिशीला पीळ देत हिंडतो. पण आमच्या चिरंजिवांचे समाधान कुठले व्हायला! गेल्या दिवाळीला तो आला तो डिकीत एक भलेमोठे खोके घेऊनच. “काका,” तो मला म्हणाला, “एवढे इंजिन, पण त्याला मोकळा श्वास घेता येत नाही हो!”

मी त्याच्याकडे पाहिले आणि मग दादांकडे पाहिले. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, त्याचे वडील. ते वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसले होते. कारण हेच वाक्य, मोटार वगळून, त्यांनी गणपतीच्या दिवसांत एकदा ऐकले होते. दादांचा व्यवसाय मिरचीचा. मिरचीच्या बाजारात गुंटूरच्या खालोखाल नंदुरबारचे नाव घेतले जाते, असे इथला व्यापारी अभिमानाने सांगतो. ‘आता घरी ये, व्यापार सांभाळ’, असे दादांनी मुलाला सुचवले, तेव्हा मुलाने उत्तर दिले होते, “बाबा, या गावात मला श्वास घेता येत नाही.” त्या दिवसापासून दोघांचे बोलणे वहिनींच्या मार्फत चालले होते.

पण आधी त्या खोक्याविषयी सांगतो. इंजिन पेट्रोलवर चालते ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. ते पेट्रोलपेक्षा हवाच अधिक खाते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आपण स्वस्थ बसलो असता मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेऊ लागले की टर्बोची मदत नसतानाही सहा हजार लिटरच्या घरात जाते. हजार माणसांचा श्वास एका बॉनेटखाली! आणि ही सारी हवा एका बंद प्लास्टिकच्या पेटीतून, चुण्या घातलेल्या कागदाच्या गाळणीतून, गाळून आत जाते. ती पेटी आणि तो कागद काढायचा, आणि त्याजागी तेल लावलेल्या सुती कापडाचा उघडा शंकू बसवायचा. म्हणजे हवेची अडवणूक कमी होते, असे या पंथाचे मत. अशा गाळण्यांचे नाव जगभर झाले ते के अँड एन या कॅलिफोर्नियातल्या, १९६९ साली सुरू झालेल्या कंपनीमुळे. कापूस आमच्या खानदेशात पिकायचा आणि त्याची किंमत तिकडच्या लोकांनी सांगायची, ही जुनीच गोष्ट! ती किंमत ऐकून वहिनींनी नाकाला पदर लावला.

मी आपला कायद्याचा मुद्दा काढून पाहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ बनावटीत बदल करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला आहे. “म्हणून तर जुनी पेटी जपून ठेवणार आहे,” पुतण्या शांतपणे म्हणाला. या पिढीला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधीच माहीत असते.

पाडव्याच्या सकाळी अंगणात काम सुरू झाले. दोन-चार पान्यांचे आणि पेचकसांचे काम. अर्ध्या तासात पेटी उघडली. आतला कागद त्याने बाहेर काढून फरशीवर आपटला मात्र, आणि आम्ही सगळे एकापाठोपाठ एक शिंकू लागलो! चुण्यांच्या टोकांवर पुण्याची काळी धूळ होती, आणि खाली, चुण्यांच्या पोटात, तांबूस पूड बसली होती. महिन्यातून एकदा तो घरी यायचा, तेव्हा गाडी पथारीशेजारी उभी असायची. पथारी म्हणजे गावाबाहेर मिरची वाळत घालायची मोकळी जागा. हंगामात तिथे लाल गालिचा पसरल्यासारखा दिसतो. पाहुणे फोटो काढतात. जे तिथे काम करतात ते फोटो काढीत नाहीत, ते खोकतात.

दादा वर्तमानपत्र ठेवून उठले. त्यांनी तो कागद उचलला, उजेडात धरला, एका चुणीतून बोट फिरवले आणि बोटाचा वास घेतला. मग कित्येक आठवड्यांनंतर मुलाशी ते थेट बोलले.

“हे आत गेले असते तर काय झाले असते?”

“सिलिंडर घासला गेला असता. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या. थोड्या दिवसांत इंजिनातला दम गेला असता.”

“म्हणजे,” दादा म्हणाले, “ह्याने धूळ खाल्ली म्हणून आतले नीट राहिले.”

ते कागदाविषयीच बोलत होते. त्यांना अलंकारिक बोलता येत नाही. तो दोष घरात माझा आहे. पण पुतण्याच्या हातातला पान्हा थांबला. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी दादांना नळीत जोराने फुंकायला लावले होते, आणि यंत्रावरचा आकडा पाहून ‘आता धुळीपासून दूर राहा’ असे सांगितले होते. ही गोष्ट वहिनींनी फोनवर मुलाला कळवली होती. चाळीस वर्षे त्या पथारीवर उभे राहून दादांनी घर बांधले, मला एम्. ए. पर्यंत शिकवले, मुलाला पुण्याला पाठवले. आमच्या दोघांच्याही छातीत जी स्वच्छ हवा गेली ती कोणातून गाळून गेली होती, हे त्या सकाळी आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होते.

तरीही शंकू बसलाच. तरुण मनुष्य विरघळतो, पण आणलेली वस्तू परत करीत नाही! दुसऱ्या दिवशी तोरणमाळला जाऊन परीक्षा घ्यायचे ठरले. दादा पुढे बसले, मी मागे. प्रकाशाला तापी ओलांडली, शहादा मागे टाकले, म्हसावद गेले आणि सातपुडा समोर उभा राहिला. घाटात पुतण्याने पाय दाबला, आणि इतके दिवस तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी ती गाडी लांब दम घेऊन ‘सूंऽऽ’ करू लागली. पाय उचलला की ‘फुस्स’ असा निःश्वास टाकी. आवाज मोठा गमतीचा, हे कबूल केलेच पाहिजे.

पण वेग? सपाट रस्त्यावर पुतण्याने माझ्या हातात फोनचे घड्याळ दिले होते. पूर्वीच्या आणि आताच्या वेळेत जो फरक पडला तो माझ्या अंगठ्याच्या चुकीएवढा. याचे कारणही त्यानेच सांगितले. कंपनीची पेटी समोरच्या जाळीतून बाहेरची थंड हवा घेते. उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत सहा टक्क्यांनी कमी मावते. म्हणजे नाक मोठे केले, पण ते चुलीवर धरले! हे माहीत असूनही तो खूश होता. त्याला वेग हवाच नव्हता. गाडी श्वास घेते आहे हे त्याला कानांनी ऐकायचे होते.

तोरणमाळ हजार मीटरहून अधिक उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी कमी असतो. टर्बोची गाडी तेवढी उणीव भरून काढते. माणसाला तशी सोय नाही. यशवंत तलावाच्या काठाने दादा चालू लागले आणि वीसेक पावलांवर थांबले. पुन्हा चालले, पुन्हा थांबले. त्या शांत जागी त्यांच्या श्वासाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पुतण्या त्यांच्यामागे दोन पावलांवर उभा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “बाबा, पथारीवर नाकाला काही बांधत का नाही तुम्ही?”

“बांधून कसे चालेल?” दादा म्हणाले. “मिरचीचा भाव डोळ्यांनी अर्धा ठरतो आणि नाकाने अर्धा. वास घेतल्याशिवाय ओल कळत नाही, जुना माल कळत नाही. नाक झाकून बसलो असतो तर पहिल्याच वर्षी बुडालो असतो.” मग थोडे थांबून, “घोडासुद्धा नाकपुडी पाहून घ्यावा. तो तोंडाने श्वास घेत नाही. जे काही आहे ते नाकानेच.”

‘दम’ हा शब्द मी वर्गात अनेकदा समजावून दिला आहे. दम धरावा, दम खावा, दम द्यावा, दम लागावा; आणि शेवटी त्याच्यापासूनच दमा! धीर, विश्रांती, धमकी, थकवा आणि आजार, एवढे सगळे एका श्वासातून निघालेले. त्या तळ्याच्या काठी मात्र मला त्याचा एकही अर्थ सांगावासा वाटला नाही. बाप दम खात होता आणि मुलगा दम धरून उभा होता.

पुढे संक्रांतीला पुतण्या आला तेव्हा त्याने बॉनेट उघडले. हंगाम भर रंगात होता. शंकूच्या तेलकट कापडावर तांबड्या पुडीचा लेप बसला होता. त्याने तो काढला, खोक्यात भरला, आणि जुनी पेटी नवा कागद घालून परत बसवली. कोणी त्याला तसे करायला सांगितले नव्हते. त्याच पिशवीतून त्याने नाकातोंडाला लावायचे मास्कही काढले. चांगले, जाड, डॉक्टर वापरतात तसले. दादा ते लावतात. गिऱ्हाईक आले की हनुवटीखाली ओढतात, वास घेतात, भाव सांगतात आणि पुन्हा वर चढवतात. वहिनींना हे अर्धे समाधान वाटते. मला ते पुष्कळ वाटते.

व्यापाराचे काय, असे वाचक विचारतील. ते अजून ठरलेले नाही. पुतण्या पुण्यातच आहे. पण महिन्यातून एकदा येत होता तो आता दोनदा येतो, आणि पथारीवर दादांच्या शेजारी खुर्ची टाकून हिशेबाच्या वह्या पाहतो. गाडी अगदी मुकाट येते; दाराशी उभी राहीपर्यंत पत्ता लागत नाही. परवा आम्ही ओट्यावर बसलो होतो. रात्र बरीच झाली होती आणि तो पुण्याहून निघालेला होता. दादांनी दोन वेळा उठून कोपऱ्यापर्यंत पाहिले, परत येऊन बसले आणि म्हणाले, “ते नाकच बरे होते रे. हा चौकात वळला की इथवर ऐकू यायचे.”