चार आठवड्यांची ओळख

परदेशात घडणाऱ्या चित्रपटांविषयी लिहिताना परकेपणा आणि एकटेपणा हे शब्द सहसा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः परकेपणा म्हणजे भोवतालची भाषा व रीत न उमगणे, तर एकटेपणा म्हणजे आपले म्हणणे कुणालाच ऐकावेसे न वाटणे, आणि तो स्वतःच्या घरातही वाट्याला येतो. गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या चित्रपटाने हा भेद फार नेमका पकडला आहे. पुण्यात लोणच्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या आपल्या आईच्या आठवणीतून त्यांनी जी शशी गोडबोले घडवली आणि श्रीदेवी यांनी जी साकारली, ती लाडू करून विकते. परंतु नवऱ्याची थट्टा आणि शाळेत आईची लाज वाटणारी मुलगी यांमुळे ती भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाण्यापूर्वीच एकटी पडलेली असते.

तिथल्या कॉफीच्या दुकानात साधी मागणी नोंदवताना तिची जी त्रेधा उडते, ती समजायला विमानात बसावे लागत नाही. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीच्या परिसरात पोवारी, झाडीबोली (म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातील मराठीची बोली), हिंदी आणि कचेरीची प्रमाण मराठी शेजारी-शेजारी नांदतात. खिडकीपलीकडच्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलावे, या विचाराने घशात अडकलेला शब्द तिथल्या प्रेक्षकाला चांगलाच ठाऊक असतो.

चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात शशीला लोरां हा फ्रेंच स्वयंपाकी भेटतो. सोफिया कोपोला यांच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’मध्ये (२००३) टोकियोत भेटणाऱ्या दोघांना निदान इंग्रजी समान असते, इथे मात्र तो फ्रेंचमध्ये बोलतो, ती हिंदीत मन मोकळे करते, आणि शब्द न कळताही दोघे थांबून एकमेकांचे ऐकून घेतात. पुरुषाने रांधले तर ती कला आणि बाईने रांधले तर ते कर्तव्य, हा सल ती घरात नव्हे, या परक्या माणसापुढे उघड करते, आणि चित्रपटाचे मर्म त्याच क्षणी आहे, लग्नातील गाजलेल्या भाषणात नाही. या ओळखीला प्रेमकथेचे वळण न देण्याचा दिग्दर्शिकेचा संयम दाद द्यावा असाच आहे, कारण शशीला हवा असतो तो दुसरा संसार नव्हे, तर मान.

परतीच्या विमानात ती इंग्रजीतूनच विचारणा करते, आणि मागते ते हिंदी वर्तमानपत्र.