रॅकूनाचे सोवळे

टोरंटो, आश्विन

ती. नानांस कृतानेक शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडे अन्न धुतल्यावाचून तोंडी न लावणारे एक जनावर आहे, असे कोणाकडून तरी ऐकून आपण त्याच्या सोवळ्याचा तपशील मागविला आहे. परंतु आमच्या परसातील लाकडी ओट्याखाली ज्याने बिनभाड्याचे बिऱ्हाड थाटले आहे, त्या रॅकूनाचा नित्यक्रम पाहता ही कीर्ती त्याला अनाठायी मिळाली आहे, असे नाइलाजाने लिहावे लागते.

वस्तुस्थिती अशी की, या प्राण्याचे सारे शहाणपण त्याच्या हातांत आहे. (पुढच्या पायांना हात म्हटल्याबद्दल आपण हरकत घेऊ नये, ते पाहिल्यावर दुसरा शब्द सुचत नाही.) पाच लांबट, सुटी बोटे, नखांच्या मुळाशी स्पर्शग्राही राठ केस, आणि मेंदूतही स्पर्शाच्या वाट्याला आलेला प्रदेश विलक्षण विस्तीर्ण, शिवाय पाण्याने तळव्याची कातडी मऊ झाली म्हणजे ही संवेदना अधिकच तीव्र होते. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या परातीशी बसून तो गोगलगाय चाचपत असतो तेव्हा दोन्ही हात पाण्यात बुडालेले, गोगलगाय तळव्यांमध्ये गरगर फिरत असलेली, आणि नजर मात्र शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे! प्राणिशास्त्रज्ञ लायल-वॉटसन यांनी १९६३ साली, पिंजऱ्यातील रॅकूनांच्या निरीक्षणावरून, असे प्रतिपादन केले की ओढ्याच्या उथळ पाण्यात खेकडे, बेडूक चाचपून धरण्याची जी उपजत प्रवृत्ती, तिला बंदिवासात वाव न उरल्यामुळे तो आयते मिळालेले खाद्य पाण्यात टाकून पुन्हा हुडकतो. म्हणजे हा आचार नव्हे, शिकारच होय. कचऱ्यातील शिळा भात आणि कोंबडीची हाडे हेच महाशय न धुता फस्त करतात.

या हातांपायी येथील नगरपालिकाही जेरीस आली आहे. तिने २०१६ पासून सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर खर्चून ओल्या कचऱ्याच्या नव्या पेट्या घरोघर दिल्या; त्यांचे कुलूप असे की गाडीने पेटी उलटी उचलली की ते आपोआप सुटावे, एरवी मूठ फिरविल्याखेरीज झाकण उघडू नये. बंदोबस्त चोख होता, पण काही रॅकूनांनी पेटी आडवी पाडून मूठ फिरवून दाखविली! ज्यांनी एच. बी. डेव्हिस यांचे १९०७ चे प्रयोग वाचले असतील त्यांना यात नवल वाटू नये. त्यांच्या रॅकूनांनी तेरा प्रकारच्या कुलपांपैकी अकरा उघडली होती. डोळ्यांभोवतीच्या काळ्या पट्ट्यावरून लोक त्याला जन्माचा दरोडेखोर ठरवितात, हे मात्र मला पटत नाही. चेहऱ्यावरून निकाल द्यावयाचा तर मनुष्यजातीतील कित्येक निरपराध आत जातील.

हिवाळ्यात तो अस्वलाप्रमाणे सलग झोपत नाही; कडाक्याच्या थंडीत आठवडेच्या आठवडे पडून राहतो, आणि हवा जरा उबदार झाली की बाहेर येतो. सध्या त्यासाठीच चरबी साठविणे चालू आहे.

चि. मधूला पिल्लू पाळावयाचे आहे. मिसिसिपीहून १९२६ साली मेजवानीत शिजविण्यासाठी म्हणून नजर केलेली मादी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी रिबेका नावाने पाळली, हे त्याला अवश्य सांगावे. परंतु हे प्राणी एका ठराविक जागी शौचास बसतात, आणि त्या विष्ठेतील जंताची अंडी पोटात गेल्यास माणसाच्या मेंदूस अपाय होऊ शकतो, हेही सांगण्यास विसरू नये. ओट्यामागील तशी एक जागा उद्या उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावयाची आहे. सोवळे पाळण्याची पाळी अखेर आमच्यावरच आली आहे.

कळावे. लोभ असावा ही विनंती.

आपला,
वसंत